डावीकडे बसणाऱ्याचा नियम

प्रिय बॉबिन,

तुझा बाप पास झाला. वीसपैकी सतरा. शिकाऊ परवाना खिशात आहे, त्यावर माझा फोटो आहे, आणि फोटोत मी असा दिसतो की एखाद्या पोलिसाने अडवलंच तर पुढचं काही न विचारता आत टाकेल. गुरुवारी निकालाचा कागद घेऊन घरी आलो, तर तुझ्या आईने तो उलटसुलट करून बघितला, उरलेले तीन कुठे सांडले म्हणून विचारलं आणि मग काठी टेकत जाऊन स्वतः चहा करून आणला. म्हणजे तेव्हा खूश होती. तू म्हणशील, एवढंच सांगायचं तर फोन करायचा. पण फोनवर तू 'छान बाबा' म्हणतेस, मी 'बरं, ठेवतो' म्हणतो आणि आपल्या दोघांचं गाडं तिथेच अडतं. चार वर्षं तिथेच अडलंय. कागदावर निदान मला मध्येच फोन ठेवून पळता येणार नाही. शिवाय पास व्हायच्या आधी मी एकदा नापास झालो होतो, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो. कंटाळलीस तरी वाच.

अडीच महिन्यांपूर्वी नियमांचं पुस्तक घेऊन मी दुकानात गेलो आणि कापड बेतायच्या टेबलावर ते उघडलं. आपल्या काजवालीने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, की मास्तर, तुमच्या सुईत दोरा मी ओवून देते आणि तुम्ही आता गाडी चालवणार होय. तिचं तोंड तुला माहीतच आहे. पंचवीस वर्षं आपल्याकडे काजं-बटणं करतेय आणि पंचवीस वर्षांत माझ्याबद्दल एक बरा शब्द तिने काढलेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तीच माझी मास्तरीण झाली. पुस्तक मशीनला टेकवून ठेवायचं, हात काजावर, आणि एकेक प्रश्न माझ्या अंगावर टाकायचा. चुकलो की कात्री आपटायची. गिऱ्हाइकं माप द्यायला यायची आणि टेप गळ्याभोवतीचा काढता काढता मी तिला उत्तरं देत असायचो. एका धिप्पाड गृहस्थांच्या छातीला टेप लावला असताना तिने विचारलं, शाळेसमोर वेग किती ठेवाल, आणि मी म्हणालो पंचवीस. गृहस्थ इतके खचले, की मला त्यांना टेपवरचा आकडा दाखवून समजूत घालावी लागली.

रस्त्यावरच्या पट्ट्या मला काही केल्या लक्षात राहीनात. शेवटी मी त्या माझ्या पद्धतीने लावून घेतल्या. तुटक पांढरी रेषा म्हणजे कच्चा टाका, गरज पडली तर ओलांडता येतो. अखंड रेषा म्हणजे पक्की शिलाई, तिच्यावरून जायचं नाही. हे काजवालीलाही पटलं, आणि तिला काही पटणं म्हणजे काय ते तू जाणतेसच. मग टेबलावर खडूने चौक आखायचा, रिळं म्हणजे मोटारी, बोटातलं अंगुस्तान म्हणजे रुग्णवाहिका, आणि आधी कोण जाणार ते सोडवायचं. एकदा नादात चौक टेबलावर न आखता एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडावर आखला आणि कापड तसंच इस्त्रीला गेलं. या सगळ्यात काजवालीला पुस्तक पाठ झालं. आता ती म्हणते, पुढच्या महिन्यात मीच परीक्षेला बसते. बसेल आणि वीसपैकी वीस मिळवून मला ऐकवत राहील.

घरी तुझी आई. बावीस वर्षं शाळेची गाडी चालवलेली बाई, तिच्यापुढे मी म्हणजे बिगरीतला. लेखी परीक्षेत पायांचं काही काम नसतं, हे मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. पण ज्याला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही त्याने लिहून काय दिवे लावायचे, असं तिचं म्हणणं. मग मला खुर्चीवर बसवून पायांपुढे तीन चपला मांडायच्या, क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि तिची काठी गिअर म्हणून माझ्या डाव्या हातात. 'क्लच' म्हणाली की मी एका चपलेवर पाय द्यायचा. आठ दिवसांत दोन चपलांचे अंगठे तुटले. शेजारीण एकदा काहीतरी मागायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

कशासाठी शिकतोय म्हणून ज्याने त्याने विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की हिच्या गुडघ्याच्या तपासणीला दर वेळी भाड्याची गाडी शोधत फिरायचं, त्यापेक्षा आपलं आपण. ते खोटं नाही. आपली गाडी अजून आवरणाखाली उभी आहे. दर रविवारी आई खाली जाते, आवरण बाजूला करते, चाकामागे बसते आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवते, बॅटरी उतरू नये म्हणून. डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही, त्यामुळे गाडी जागची हलत नाही. मी वरून खिडकीतून बघतो. तुला वाटत असेल की ती तिथे बसून रडते, तर तसं काही नाही. ती आरसे पुसते. शाळेच्या गाड्यांचं वेळापत्रक ती आता घरून फोनवर सांभाळते आणि सगळे चालक तिला एवढे टरकून असतात की पाच मिनिटं उशीर झाला तर आधीच फोन करून माफी मागतात. तिची गाडी सुटली हे खरं, पण ती बसून राहिलेली नाही. हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही.

आता तुझ्या नोकरीचं. मला आईकडून कळलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम द्यायचे, उठवायचं, चालवायचं, हॉस्पिटल गाडी देणार पण चालवायची स्वतः. तुला त्यांनी आपणहून विचारलं. आणि शुक्रवारी तू नाही कळवणार आहेस. आईला तू सांगितलंस की वॉर्डातच बरं आहे, उगाच कशाला दगदग. अगं, आईच्या पायाला हात लावायला मोठे मोठे डॉक्टर कचरत होते तेव्हा महिनाभर रोज सकाळी तिच्या शिव्या खात तूच तिला चालवलंस. तू आणि दगदगीला घाबरणार? तू कशाला घाबरतेस ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसानंतर तू चाकाला हात लावला नाहीस आणि परवाना आमच्या कपाटात टाकून गेलीस. मी काही म्हणालो नाही. काय तोंडाने म्हणणार होतो?

मला तुझं गाडी शिकणं आठवतं. तू चोवीस वर्षांची होतीस. आई शिकवायची आणि मी डावीकडे बसायचो. आपल्या घराची ती पद्धतच होती ना, चाक बाईच्या हातात आणि डावी बाजू माझ्याकडे. लग्न झाल्यापासून प्रत्येक कोपऱ्यावर ती विचारायची 'डावीकडे?' आणि मी बघून सांगायचो, 'कोणी नाही', नाहीतर 'थांब'. आम्ही नवरा-बायको एकमेकांशी सगळ्यात जास्त वेळा जर काही बोललो असू तर हेच. तू तीन वर्षांची असताना मागच्या सीटवरून तोंडात बिस्कीट धरून माझ्याबरोबर 'कोनी नाई' म्हणायचीस. मग तू चालवायला लागलीस तेव्हा तूही आपसूक विचारायला लागलीस. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! गाडीतलं माझं एवढंच काम, आणि ते बायकोकडून लेकीकडे आलं. आईने तेव्हा तुला बजावलं होतं, की विचार हवं तर, पण मान आपली आपण वळवायची. आपण दोघं हसलो होतो.

पहिल्या परीक्षेला मी गेलो तेव्हा त्या हॉलमध्ये सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. एका मुलीने फार अदबीने विचारलं की आजोबा, नातवाला घेऊन आलात का. वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत. सुरुवात झकास झाली, कच्चा टाका आला, पक्की शिलाई आली. आणि मग अकरावा प्रश्न. कोपऱ्यावर आड येणारी वस्तू आहे, चालकाला डावीकडचं दिसत नाही. शेजारी बसलेली व्यक्ती रस्ता रिकामा असल्याचं सांगते. चालकाने काय करावं? मी तो दोनदा वाचला. मग मी पहिल्या उत्तरापुढे खूण केली, की तिच्या सांगण्यावरून पुढे जावं. त्यानंतरचे प्रश्न मी वाचले की नाही तेही मला सांगता येणार नाही. तेरा मिळाले.

परीक्षा घेणाऱ्या बाईंशी मी तिथेच वाद घातला. आयुष्यात कधी कोणाशी वाद न घालणारा मी, गिऱ्हाइकाने शिवून झालेला कोट घट्ट झाला म्हणून परत आणला तर त्याने वाढवलेल्या पोटाबद्दल मीच माफी मागतो, आणि तिथे टेबलाला धरून उभा राहिलो. मी त्यांना विचारलं की शेजारच्याने चुकीचं सांगितलं तर त्याचं काही नाही का. त्या भल्या बाई होत्या. चष्मा काढून म्हणाल्या, 'काका, चाक ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. शेजारच्याने फक्त पट्टा लावायचा.' मागे रांग होती, म्हणून मी बाजूला झालो.

पण मला त्यांच्याकडून काही नवीन कळलं नव्हतं. हे पुस्तक मी अडीच महिन्यांपूर्वी दुकानात नेलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. अडीच महिन्यांपूर्वी ते फक्त खणातून वर काढलं. आणलं होतं चार वर्षांपूर्वी, आई हॉस्पिटलातून घरी आली त्या आठवड्यात. बेतायच्या टेबलाच्या खणात कापडाच्या तुकड्यांखाली ठेवलं होतं. मला गाडी शिकायची नव्हती. मला त्यात एकच गोष्ट शोधायची होती, डावीकडे बसणाऱ्याचा नियम. त्याने चूक केली तर ती त्याची, असं एखादं वाक्य. तीन वेळा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. शिक्षांचं कोष्टकसुद्धा वाचलं. कुठेही नाही. चालक सोडला तर गाडीतल्या दुसऱ्या माणसाला पुस्तक विचारतच नाही.

दुसऱ्या परीक्षेला तोच प्रश्न पुन्हा आला, या वेळी चौथा. या खेपेला मला उत्तर तोंडपाठ होतं: पुढे सरकून स्वतः पाहावं, खात्री झाल्यावरच निघावं. मी पुन्हा पहिल्या उत्तरापुढे खूण केली. समजून उमजून केली. दुसरे दोन चुकले ते माझ्या मठ्ठपणाने, हा एक मात्र मी जाणूनबुजून चुकवला. बरोबर उत्तरावर खूण करायची म्हणजे त्या दिवसाच्या कागदावर मी दुसऱ्यांदा सही करायची, असं मला वाटलं. खुळ्यासारखं वाटेल तुला. पण मला ते जमलं नाही, पोरी.

तो दिवस तुला किती आठवतो ते मला माहीत नाही, म्हणून लिहितो. तुझी हॉस्पिटलची मुलाखत होती. मी शिवलेला राखाडी कोट तू पहिल्यांदा घालणार होतीस. आई मुद्दाम मागे बसली होती, पुढे बसले तर माझाच पाय ब्रेकवर जातो म्हणाली. निघताना माझ्या लक्षात आलं की बाहीचं एक बटण सैल आहे. माझ्या हातचा कोट आणि सैल बटण! कोट मांडीवर घेऊन मी सुई-दोरा काढला. त्या कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता. तुझ्या जागेवरून डावीकडचं काही दिसण्यासारखं नव्हतं, माझ्या जागेवरून सगळं दिसत होतं. डावीकडून टेम्पो आला आणि आई बसली होती त्या मागच्या दारावर आदळला. नंतर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो पोलीस अधिकारी जबाब लिहून घ्यायला आला. तू त्याला सांगितलंस, की मी घाईत होते, बाबांना विचारलं नाही, सरळ निघाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली आणि त्या कागदावर सही केली.

बॉबिन, तू विचारलं होतंस. तू गाडी थांबवलीस, 'बाबा, डावीकडे?' म्हणालीस, आणि मी मान वर न करता 'कोणी नाही' म्हणालो. दोरा दातात धरला होता मी. बाहेर पाहिलंच नव्हतं. पुस्तक म्हणेल, तू स्वतः पाहायला हवं होतंस, आणि पुस्तकाचं बरोबर असेल, पण तू तीन वर्षांची असल्यापासून माझा शब्द ऐकत आली होतीस आणि त्या दिवशी तो खोटा निघाला. तुला ते खरंच आठवत नाही, की मला वाचवायला तू तसं सांगितलंस, हे चार वर्षांत तुला विचारायची माझी छाती झाली नाही. आठवत नसेल तर मी तुझ्या विसरण्याचा फायदा घेतला, आणि आठवत असेल तर लेकीच्या पदराआड लपलो. दोन्हीची मला लाज वाटते. शनिवारी मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मी मागेच बसले होते. तिचंही ऐकलं, तुमचंही ऐकलं. मला वाटलं, तुमचं तिचं कधीच बोलून झालंय.' तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी माझ्यापुढे वही-पेन ठेवलं आणि दुकानाची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. पत्र पोस्टात पडेपर्यंत ती मला मिळायची नाही. आज सोमवार, तुला बुधवारी मिळेल. नोकरीला हो म्हण की नाही म्हण, तुझी इच्छा. पण आई तुझ्यामुळे जायबंदी झाली असं समजून नाही म्हणू नकोस. ते ओझं तुझं नव्हतं, ते माझं होतं, आणि मी ते तुझ्या डोक्यावर ठेवून चार वर्षं लोकांच्या कोटांची बटणं लावत बसलो. शुक्रवारच्या आधी मला फोन कर. छान बाबा म्हणू नकोस. जे म्हणायचं असेल ते म्हण, मी ठेवणार नाही.

तुझाच,
बाबा